वाढत्या मुलीचे वजन आणि घरातली बोलणी

आपल्या मध्यमवर्गीय घरांत मुलीच्या शरीराविषयी दोन हुकूम निघतात आणि ते एकमेकांच्या नेमके उलट असतात. पहिला हुकूम ती नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत चालतो: पानात काही टाकायचे नाही, आणखी अर्धी पोळी घे, वरणावर तूप घे, किती बारीक राहिली आहे ही पोर, हिच्या अंगी काही लागतच नाही. दुसरा हुकूम तिची पाळी सुरू होण्याच्या आगेमागे, कसलीही पूर्वसूचना न देता लागू होतो: भात कमी कर, तूप पुरे आता, सारखा बटाटा कशाला, संध्याकाळी खाली जाऊन दोरीच्या उड्या मार. हुकूम देणारी माणसे तीच असतात, जेवणाचे टेबल तेच असते आणि स्वयंपाकही बहुतेक तोच असतो. कालपर्यंत ज्या खाण्याचे कौतुक होते त्याच खाण्याकडे आज सगळे वेगळ्या नजरेने का पाहू लागले, हे मात्र त्या मुलीला कोणी समजावून सांगत नाही. मुलींच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी जी अढी बसते तिची सुरुवात मला बऱ्याच अंशी या बदलात दिसते, कारण ज्या वर्षांत शरीराने वजन घ्यायलाच हवे असते त्याच वर्षांत घर त्या वजनाला घाबरू लागते.

शरीराच्या बाजूने पाहिले तर या वयात जे घडते त्यात घाबरण्यासारखे फार थोडे आहे. मुलीची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारणपणे पहिली पाळी येण्याच्या सहा महिने ते वर्षभर आधी, आणि त्यानंतर काही महिन्यांनी वजन वाढण्याचा वेग शिगेला पोचतो. प्रौढ स्त्रीचे जे वजन असते त्यातला जवळपास अर्धा वाटा तिने किशोरवयात मिळवलेला असतो. मुलग्यांच्या शरीरात या काळात स्नायूंचा भाग अधिक वाढतो, तर मुलींच्या शरीरात चरबीचे प्रमाण वाढते आणि ती कंबर, नितंब, मांड्या आणि छाती या ठिकाणी साठते. पाळी सुरू होऊन ती नियमित राहण्यासाठी शरीरात ऊर्जेचा पुरेसा साठा लागतो, त्यामुळे ही चरबी वाढीचाच एक भाग असते. काही मुली आधी अंगाने भरतात आणि मग उंच होतात, काहींचे याच्या उलट होते, आणि एकाच वर्गातल्या, एकाच वयाच्या दोन मुली शेजारी उभ्या केल्या तर त्यांच्यात तीन-चार वर्षांचे अंतर असावे असे वाटते. घरातल्या मोठ्यांना मुलग्याचा आवाज फुटणे, मिसरूड येणे हे सगळे गमतीचे आणि अभिमानाचे वाटते. मुलीचे भरणे मात्र काळजीचे वाटते.

या काळजीला अलीकडे मोबाइलवरच्या बीएमआय मोजणाऱ्या ॲपची जोड मिळाली आहे. वजन आणि उंची टाकली की आकडा येतो, आणि तो आकडा प्रौढांच्या मोजपट्टीवर लावून बारा वर्षांच्या मुलीला ‘नॉर्मल’ किंवा ‘ओव्हरवेट’ ठरवले जाते. मुलांसाठी हा आकडा असा वाचायचा नसतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, ५ ते १८ वर्षे वयाच्या भारतीय मुलामुलींसाठी वाढीचे सुधारित तक्ते २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. मुलींचा आणि मुलग्यांचा तक्ता वेगळा आहे आणि प्रत्येक वयाला रेषा वेगळ्या ठिकाणी आहे. त्यातही एका दिवसाच्या एका टिंबावरून फारसे काही कळत नाही; दोन-तीन वर्षांची टिंबे जोडून जी रेघ तयार होते ती पूर्वीच्याच वाटेने चालली आहे की एकदम वर किंवा खाली वळली आहे, हे डॉक्टर पाहतात. स्वयंपाकघराच्या दारात वजनाचा काटा ठेवून दर रविवारी मुलीला त्यावर उभे करणाऱ्या पालकांना हे कोणीतरी सांगायला हवे. (काटा ठेवायला स्वयंपाकघराचीच जागा का निवडली जाते, हे मला कधी कळलेले नाही.)

माझी भाची ठाण्यात राहते आणि ती आता बारा वर्षांची आहे. मागच्या दिवाळीत फराळाला सगळे नातेवाईक जमले होते तेव्हा दारातून आत येणाऱ्या जवळपास प्रत्येकाने तिचे स्वागत तिच्या आकाराने केले. “केवढी मोठी झालीस गं, आता आईचे ब्लाऊज बसतील तुला,” असे एक काकू म्हणाल्या. “आमच्या वेळी आम्ही या वयात काडीसारख्या होतो,” असे दुसऱ्या म्हणाल्या, आणि एका काकांनी चकलीची बशी तिच्यापुढे धरून “घे, पण एकच हं” असा विनोद केला. यातल्या कोणाच्याही मनात दुष्टावा नव्हता आणि यांपैकी प्रत्येकजण तिच्या आजारपणात रात्रभर जागला असता. तिच्याहून दीड वर्षाने मोठा असलेला तिचा चुलतभाऊ शेजारीच बसून सहावी करंजी खात होता, आणि त्याच्याविषयीचे एकमेव वाक्य “वाढीचे वय आहे, खाऊ दे त्याला” हे होते. वाढीचे वय दोघांचेही होते. शरीराच्या घड्याळाने पाहिले तर मुलीचे अधिकच होते, कारण मुलींची ही वाढ मुलग्यांच्या सुमारे दोन वर्षे आधी होते.

अशी थेट बोलणी निदान ऐकू येतात, त्यामुळे त्यांना उत्तर देता येते किंवा पुढच्या वेळी ती थांबवता येतात. आई स्वतःच्या शरीराविषयी स्वतःशीच जे बोलते ते कोणी मनावर घेत नाही आणि माझ्या मते तेच अधिक खोल रुजते. लग्नाला निघण्यापूर्वी कपाटातून काढलेला ब्लाऊज घट्ट होतो, आई उसासा टाकून आतली शिवण उसवायला घेते, आरशासमोर पोट आत ओढून उभी राहते, “माझे कसले फोटो काढता” म्हणून फोटोच्या वेळी मागच्या रांगेत जाते किंवा कोणाच्या तरी खांद्याआड उभी राहते. मुलीला यातले एकही वाक्य उद्देशून नसते. तिला एवढेच कळते की जगात तिला सर्वांत सुंदर वाटणारी बाई स्वतःला दाखवण्यालायक समजत नाही, आणि सगळे जण तर म्हणतात की ही हुबेहूब आईवर गेली आहे.

याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात लिअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७ मुली आणि त्यांचे आईवडील यांचा मुली पाच वर्षांच्या असल्यापासून माग ठेवला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका निबंधात असे दिसले की ज्या मुलींच्या आया त्या वेळी किंवा नुकत्याच डाएट करत होत्या, त्या मुलींच्या डोक्यात डाएट म्हणजे काय याची कल्पना असण्याची शक्यता इतर मुलींच्या दुपटीहून अधिक होती. पाच वर्षांच्या, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या शिशुगटातल्या, मुलींविषयी आपण बोलत आहोत. पुढच्या वर्षीच्या निबंधातला निष्कर्ष मला याहून अस्वस्थ करणारा वाटतो. ज्या आयांना मुलीच्या वजनाची अधिक काळजी होती त्यांच्या मुली स्वतःला कमी लेखत होत्या, आणि हे कमी लेखणे धावण्या-खेळण्यापुरते न राहता आपल्याला डोके कमी आहे इथपर्यंत गेले होते. मुलीचे प्रत्यक्ष वजन किती आहे हे हिशेबातून बाजूला काढले तरी हा संबंध उरत होता. म्हणजे वजन नसतानाही वजनाची काळजी आपले काम करत होती.

आपल्याकडे आयांच्या डाएटला गेल्या काही वर्षांत सामूहिक रूप आले आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून मांडलेला, दिवसातून दोनदाच आणि तेही ५५ मिनिटांच्या आत जेवण्याचा आराखडा महाराष्ट्रात घरोघरी पोचला. त्याचे व्हॉट्सॲप गट निघाले आणि सोसायट्यांमधल्या हळदीकुंकवात तिळगुळाबरोबर इन्सुलिनवर चर्चा होऊ लागली. त्या आराखड्याच्या गुणदोषांत मला शिरायचे नाही, कारण तो प्रौढांसाठी मांडलेला आहे आणि प्रौढांनी आपल्या डॉक्टरांना विचारून काय ते ठरवावे. माझे लक्ष त्याच टेबलावर बसलेल्या शाळकरी मुलीकडे जाते. आई आणि बाबा सकाळी काही खात नाहीत, खाण्याच्या प्रत्येक घासाबरोबर “हे चालते” आणि “हे चालत नाही” असा निकाल दिला जातो, कोणी किती किलो उतरवले याच्या बातम्या परीक्षेच्या निकालासारख्या वाचल्या जातात. मग तीही एक दिवस सकाळचे दूध-पोळी टाळून शाळेत जाते आणि दुपारी डबा जसाच्या तसा परत आणते. विचारले तर “भूक नव्हती” म्हणते. हे उत्तर ती घरातच शिकलेली असते.

उपवासाचेही असेच आहे. आषाढी, नवरात्र, हरतालिका हे ज्या श्रद्धेने घरात होतात त्याविषयी मला आदर आहे. पण चौदा-पंधरा वर्षांची मुलगी अचानक दर गुरुवार आणि शनिवार धरू लागली, तर तिच्या भक्तीचे कौतुक करण्यापूर्वी तिच्या आईने जरा थांबून पाहावे असे मला वाटते. न खाण्याला घरातून शाबासकी मिळण्याचा हा एकच मार्ग मुलींना मोकळा आहे, आणि मुली हुशार असतात.

या सगळ्याच्या तळाशी एक जुनी गोष्ट आहे जिला वजनाशी कोणी जोडत नाही. बाईने शेवटी जेवायचे, उरलेले जेवायचे, शिळी पोळी स्वतःच्या पानात घ्यायची, ओट्याशी उभ्याउभ्या चार घास पोटात ढकलायचे आणि वर “मला काय, मी काहीही खाते” असे म्हणायचे. माझ्या आजीच्या पिढीत याला त्याग म्हणत, आईच्या पिढीत सवय म्हणत आणि आमच्या पिढीत त्याला डाएट म्हणतात. शेवटी बाईच्या पानात कमीच पडते. कमी खाणारी बाई गुणी, ही समजूत इतकी जुनी आहे की दूरदर्शन, मासिके आणि इन्स्टाग्राम यांनी तिला फक्त नवे कपडे दिले. लग्न जुळवण्याच्या परिचयपत्रातला ‘सडपातळ’ हा शब्द याच घराण्यातला आहे आणि त्याविषयी इतके लिहिले गेले आहे की मी पुढे जाते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले, आणि महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याच्या वर आहे. याला कारणे अनेक आहेत आणि गरीब घरांतली उपासमार व श्रीमंत घरांतले डाएट यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण पाळी सुरू झालेल्या मुलीची लोहाची गरज वाढलेली असते आणि नेमक्या त्याच वेळी तिच्या पानातून पोळी, डाळ, अंडे, गूळ-शेंगदाणे कमी केले जातात आणि भूक मारायला चहाचा कप हातात येतो, जो अन्नातले लोह नीट शोषू देत नाही. धाप लागते, अभ्यासात लक्ष लागत नाही, जिने चढताना पाय ओढतात. मग घरातले म्हणतात, बघ, वजन वाढल्यामुळे दमतेस.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. आपल्या घरांत मधुमेह आहे, रक्तदाब आहे, पीसीओडीचे, म्हणजे पाळी अनियमित करणाऱ्या अंडाशयाच्या विकाराचे, निदान होणाऱ्या मुली आहेत; मग आईवडिलांनी वजनाकडे डोळेझाक करायची का? या प्रश्नाला उत्तर देताना मला पुण्यातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आठवतात. २००४ साली त्यांनी ब्रिटनमधले सहकारी जॉन युडकिन यांच्यासह लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी असलेला फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय शरीर बारीक दिसत असतानाही आत चरबी बाळगू शकते, हे त्यांच्या केईएम रुग्णालयातल्या आणि पुण्याजवळच्या खेड्यांतल्या दीर्घ संशोधनाचे सार आहे, आणि त्याची मुळे आईच्या गरोदरपणातल्या, किंबहुना त्याआधीच्या, पोषणापर्यंत जातात. याचा अर्थ घरातल्या नजरेने बारीक-जाड ठरवून आरोग्याचा अंदाज बांधता येत नाही. घरातली जी मुलगी काडीसारखी आहे म्हणून दिवसभर बिस्किटे आणि वेफर्स खाते आणि कधीच खेळत नाही, तिच्याबद्दल कोणाला चिंता नसते; जी अंगाने भरलेली आहे पण रोज तासभर कबड्डी खेळते, तिला मात्र सगळे सल्ले मिळतात. शिवाय आज उपाशी ठेवून बारीक केलेली मुलगी उद्या अशक्त आई होणार असेल, तर मधुमेहाविरुद्धची ही लढाई आपण उलट्या दिशेने लढत आहोत.

बोलण्याने वजन कमी होत नाही, हेही दिसून आले आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या किशोरवयीन मुलामुलींवर डायॅन न्यूमार्क-स्टेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे चालवलेल्या अभ्यासातून २०१३ साली असे समोर आले की ज्या घरांत आईवडील मुलांशी त्यांच्या वजनाविषयी बोलत होते तिथली मुले डाएट करण्याची, जेवण टाळण्याची आणि मधूनच आवर न घालता भरमसाट खाण्याची शक्यता अधिक होती; जिथे बोलणे फक्त चांगल्या खाण्याविषयी होते तिथे ती कमी होती. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१६ मध्ये बालरोगतज्ज्ञांना दिलेल्या मार्गदर्शनातही डाएटला उत्तेजन देऊ नये, वजनाविषयी बोलू नये, वजनावरून चिडवू नये आणि घराने शक्य तितक्या वेळा एकत्र जेवावे, असेच सांगितले आहे. खाऊचा डबा वरच्या फळीवर ठेवण्याचा आपला लाडका उपायही बर्च यांच्या मुलींच्या बाबतीत उलटला होता: पाचव्या वर्षी ज्यांच्या खाण्यावर आयांनी अधिक बंधने घातली त्या मुली सातव्या आणि नवव्या वर्षी पोट भरलेले असतानाही समोर ठेवलेला खाऊ अधिक खात होत्या. माझ्या बहिणीने, म्हणजे भाचीच्या आईने, हे वाचून शंकरपाळ्यांचा डबा खाली ठेवला. पहिल्या आठवड्यात तो दोनदा रिकामा झाला, नंतर त्याकडे कोणाचे लक्ष राहिले नाही, आणि आता त्यात मऊ पडलेल्या शंकरपाळ्या कोणी संपवायच्या यावर वाद होतात.

बहिणीने यंदा गणपतीच्या आधी आणखी एक काम केले. आमच्याकडे येणाऱ्या मोठ्या मंडळींना तिने एकेक करून फोन केला आणि मुलीच्या अंगाविषयी, चांगले किंवा वाईट, काहीच बोलू नका अशी विनंती केली. बारीक झालीस हे कौतुकही नको, कारण त्यातून आधी कशी होतीस ते सांगितले जाते. बहुतेकांनी मान्य केले. आमच्या एक आत्या मात्र फारच रागावल्या. “आम्हांला कमी का बोलले लोक? त्याने काय आम्ही मेलो?” असे त्या म्हणाल्या आणि मग त्यांना चौदाव्या वर्षी ओटीवर बसलेल्या मामांनी काय म्हटले होते ते त्यांनी शब्दशः, आवाजाच्या ढबीसकट सांगितले. आत्या आता सत्तरीच्या आहेत. गणपतीत त्या आल्या आणि मुलीला त्यांनी फक्त शाळेचे आणि आरत्यांचे विचारले.

वडिलांविषयी एवढेच म्हणेन की या विषयात त्यांना बायकांचा प्रांत म्हणून बाहेर ठेवले जाते आणि तेही आनंदाने बाहेर राहतात, पण त्यांचा एखादा विनोद आईच्या वर्षभराच्या टोमण्यांहून अधिक लागतो. ज्या घरात बाबा मुलीबरोबर टेकडी चढतात किंवा बॅडमिंटन खेळतात, तिथे शरीर काय करू शकते याची चर्चा होते आणि ते कसे दिसते याला वेळ उरत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

खाण्याची बाब बोलण्याच्या पलीकडे गेली आहे हे ओळखायच्या खुणाही आईवडिलांना माहीत असायला हव्यात. मुलगी घरच्यांबरोबर जेवायचे सतत टाळू लागली, जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवू लागली, उन्हाळ्यातही सैल, अंगभर कपडे घालू लागली, नेहमी थंडी वाजते म्हणू लागली, केस गळू लागले, सुरू झालेली पाळी काही महिने आलीच नाही, किंवा वजन थोड्या काळात झपाट्याने उतरले, तर हे वयाचे नखरे समजून सोडून देऊ नये. वजन जास्त असलेल्या मुलीलाही खाण्याशी जोडलेला असा आजार होऊ शकतो आणि तिच्या बाबतीत तो उशिरा ओळखला जातो, कारण ती बारीक होऊ लागली की घरदार टाळ्या वाजवते. आधी बालरोगतज्ज्ञांकडे जावे, त्यांच्या सल्ल्याने मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे, आणि कुठून सुरुवात करावी हेच सुचत नसेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते. तपासणीच्या खोलीत शिरण्यापूर्वी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगावे की काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचू नका. बहुतेक डॉक्टर ऐकतात, आणि न ऐकणारे बदलता येतात.